सेकंडची चादर

मी काय काम करते हे आई गल्लीत एका वाक्यात सांगते.

"ती इमानाचा आवाज कमी करती."

एकदा समोरच्या मावशी यावर म्हणाल्या, "मग आदी हितल्या मागांचा कर म्हणावं की. इमान काय रोज डोक्यावरनं जातंय व्हय आपल्या?"

दोघी हसल्या. मी आत खिडकीपाशी बसले होते. मला बाहेर जाऊन सांगता आलं असतं की मी आवाज कमी करत नाही, मोजते. कमी करणं त्यानंतर येतं, आणि बऱ्याचदा येतच नाही. पण हे कोणत्या शब्दांत सांगावं ते ठरेपर्यंत दोघी नळाच्या पाण्यावर पोचल्या होत्या.

आमचं घर सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आहे. मागच्या खिडकीबाहेर एक सायकल जाईल एवढी बोळ, आणि बोळीपलीकडे एका कारखान्याची भिंत. भिंतीआड टॉवेल आणि चादरींचे माग. मागांचा आवाज दोन तऱ्हांचा असतो. एक जाड. तो जमिनीतून येतो, आणि तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठतात तेव्हा दिसतोसुद्धा. दुसरा बारीक आणि टोकदार, धोटा एका बाजूहून सुटून दुसऱ्या बाजूला आपटतो त्याचा. हा फरक मला कुणी शिकवला नाही. आमच्या गल्लीत तो सगळ्यांना माहीत असतो, जसा कुठे मटकी आणि हुलग्यातला फरक माहीत असतो.

अप्पा त्या भिंतीआडच्या कारखान्यात नाहीत, दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका कारखान्यात जॉबर आहेत. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. ते मंद्रूपच्या पुढच्या एका गावातून वयाच्या विशीत शहरात आले, आधी मागावर बसले, मग माग खोलायला शिकले. शेडमध्ये कुणी कुणाशी आवाजाने बोलत नाही. ओठ आणि हात चालतात. तेलुगू बोलणारे कारागीर आणि अप्पा यांचं एकमेकांशी उत्तम जमतं, कारण तिथे भाषेचा प्रश्नच येत नाही. घरी आल्यावर मात्र अप्पा मोठ्याने बोलतात आणि आपण मोठ्याने बोलतोय हे त्यांना कळत नाही. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नाही. देवळातली घंटा येते. याचं कारण मला खूप नंतर एका पाठ्यपुस्तकातल्या आलेखात सापडलं: मागांजवळ वर्षं काढलेल्या कानांतून बारीक आवाज आधी जातो. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते. व्हॅन कोपऱ्यावर यायची. शाळेत मॅडम म्हणायच्या, जरा मोठ्याने बोल, मागच्या बाकापर्यंत जाऊ दे. घरी अप्पा म्हणायचे, "दम काढून बोल की गं, मुंगीवानी काय बोलतीस?" मला वाटतं याचा परिणाम असा झाला की बोलण्याआधी मी नेहमी अंदाज घेत राहिले, आणि अंदाज येईपर्यंत बोलायची वेळ निघून जायची. मार्क चांगले पडायचे. त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

बारावीच्या वर्षी अप्पांनी मागच्या खिडकीवर चादर ठोकली. वर चार खिळे, खाली एक लाकडी पट्टी. मी अभ्यासाला बसले होते. ते स्टुलावरून उतरले, कान लावून उभे राहिले, मग त्यांच्या लक्षात आलं की त्यात काही अर्थ नाही, आणि त्यांनी मला विचारलं.

"फरक पडला का?"

"थोडा."

"जाड न्हाय जायचा. तो भितीतनं येतोय. बारीक तेवढा खाईल ही."

तसंच होतं. चादरीने बारीक आवाज खाल्ला, जाड तसाच राहिला. त्या जाड आवाजावर मी कॅल्क्युलस केलं.

ती चादर सेकंडची होती. आमच्या घरातल्या सगळ्याच चादरी सेकंडच्या. आई दुसऱ्या एका कारखान्यात फिनिशिंगला आहे. तिथे बायका उजेडासमोर माल ताणून बघतात, सुटे धागे कापतात आणि विणीत दोष दिसला की त्या जागेच्या सरळ रेषेत, काठावर, एक लाल धागा बांधतात. असा धागा बांधलेला माल वेगळा निघतो, त्याला सेकंड म्हणतात. खिडकीवरची चादर मेंदी रंगाची होती आणि तिच्यावर मोर होते. एका मोराच्या मानेपाशी विणीच्या तीन-चार ओळी चुकल्या होत्या. त्यामुळे त्याचं डोकं मानेपासून बोटभर सरकलेलं दिसायचं. काठावर आईच्याच हातचा लाल धागा होता. घरी आणल्यावर तो कापायचं तिच्या कधी मनात आलं नाही. आम्ही त्या चादरीला मोराची म्हणायचो.

इंजिनिअरिंग झाल्यावर मी संशोधनाला शेजारच्या राज्यात गेले तेव्हा आईने मोराची माझ्या बॅगेत घातली.

मी ज्यावर काम करते ते थोडक्यात असं. विमानाच्या इंजिनातून हवेचा झोत प्रचंड वेगाने बाहेर पडतो आणि बाहेरच्या स्थिर हवेत घुसतो. दोन्ही हवा एकमेकींत मिसळताना भोवरे उठतात. मोठे भोवरे जाड आवाज करतात, लहान भोवरे बारीक. झोत जिथून निघतो त्या तोंडाला नोझल म्हणतात. नोझलच्या गोल कडेवर करवतीसारखे दाते कापले की हवा लवकर मिसळते, मोठे भोवरे मोडतात आणि जाड आवाज कमी होतो. पण मोडलेल्या मोठ्या भोवऱ्यांचे लहान भोवरे होतात, त्यामुळे बारीक आवाज वाढतो. हे जगभर सगळ्यांना माहीत आहे. जाड कमी करायचा तर बारीक थोडा सोसायचा. तो कमीत कमी कसा सोसावा, यासाठी दात्यांचे आकार बदलून बघणं हे माझं काम होतं.

मोजमाप एका खोलीत होतं. आम्ही तिला नुसतं चेंबर म्हणतो. भिंती, छत, सगळीकडे स्पंजच्या लांब पाचरी. जमिनीच्या जागी तारेची जाळी, जाळीखाली पुन्हा पाचरी. मधोमध नोझल आणि त्याच्याभोवती कमानीत लावलेले माइक. आवाज एकदा निघाला की कुठेही आपटून परत येऊ नये, माइकला फक्त झोताचा आवाज मिळावा, म्हणून ही सगळी व्यवस्था. पहिल्यांदा आत जाऊन दार लावून घेतलं तेव्हा काही क्षण मला वाटलं, आपल्या कानांना काहीतरी झालंय. मग माझा श्वास ऐकू आला. बाकीचे विद्यार्थी तिथे फार वेळ थांबत नसत, त्यांना गुदमरायचं. मला आवडायचं. तिथे कुणी मोठ्याने बोल म्हणत नव्हतं.

माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, कमी बोलणारे होते. आठवड्यातून एकदा आलेख बघायचे. आवडला तर "पुढे" म्हणायचे. न आवडला तर काही न बोलता पेन खाली ठेवायचे.

मी आधी साधं, बिनदात्यांचं नोझल मोजलं. जुन्या नोंदींशी ताडून बघितलं, जुळलं. त्या मोजणीत हवेच्या नळीला थरथर येते असं दिसलं म्हणून आमच्या लॅबच्या तंत्रज्ञांनी, ते वयाने सरांपेक्षा मोठे होते, नळीला आधार म्हणून लोखंडी चौकट बसवली. चौकट माइकांपासून फार लांब नव्हती. लोखंडावरून आवाज उलटून माइकवर येणार, हे उघड होतं. तंत्रज्ञ म्हणाले, चौकटीला गुंडाळायला स्पंज मागवलाय, दोन-तीन दिवसांत येईल. तोवर थांब किंवा काहीतरी टाक त्याच्यावर.

मी हॉस्टेलवर जाऊन मोराची आणली आणि चौकटीवर दुहेरी करून टाकली; तिचा सुटा भाग माइकांच्या पुढ्यात लोंबत राहिला. विचार करावा लागला नाही. आवाज येतो तिथे चादर टाकायची, एवढंच.

चेंबरच्या दाराशी नोंदवही असते. आत काहीही नेलं, हलवलं, बदललं की लिहायचं. वही इंग्रजीत. मी पेन घेतलं आणि अडले. बेडशीट लिहावं तर ती बेडशीट नाही. ब्लँकेट लिहावं तर ते उबेचं, जाड आणि लोकरीचं. शिवाय कोणताही शब्द लिहिला तरी वाचणाऱ्याला वाटणार की ही मुलगी चेंबरमध्ये अंथरूण घेऊन जाते. दाराशी आणखी एक विद्यार्थी वहीची वाट बघत उभा होता. मी माइक तपासल्याची नोंद केली, तारीख घातली आणि वही त्याला दिली.

स्पंज आला तो दुसऱ्याच कामाला लागला. चादर तिथेच राहिली. रोज दिसणारी गोष्ट चार दिवसांनी दिसेनाशी होते.

त्यानंतर मी दात्यांचं नोझल मोजलं. जाड आवाज कमी झाला, अपेक्षेप्रमाणे. बारीक वाढलाच नाही. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही. दात्यांचा आकार माझा होता, दोन दात्यांमधल्या खाचेची खोली मी बदलली होती, त्यामुळे कारणही सुचलं आणि ते कारण कागदावर छान दिसत होतं. सरांनी आलेख बघितला. पेन खाली ठेवलं नाही, "पुढे"ही म्हणाले नाहीत. आलेख फिरवून खिडकीच्या उजेडात धरला, आणि म्हणाले, "हे तू लिहून काढ. परिषदेत तूच वाचायचं."

निबंध स्वीकारला गेला. परिषद जूनच्या शेवटी होती. मे महिन्यात मी दहा दिवसांसाठी घरी आले.

मेमध्ये आई वर्षाच्या चादरी धुते. ज्या दिवशी नळाला पाणी येणार असतं त्या दिवशी पहाटेपासून तयारी असते. टाकी, पिंप, घागरी, सगळं भरून झालं की उरलेल्या पाण्यात चादरी. अप्पा गच्चीवर दोऱ्या बांधतात. मी भिजलेली चादर एका टोकाने धरायची, आईने दुसऱ्या टोकाने, आणि उलट्या दिशांनी पिळायची. हे काम मला बरं वाटतं. बोलावं लागत नाही.

त्या दिवशी आईने मध्येच हात थांबवला आणि ढिगाकडे बघितलं.

"मोराची कुटं हाय?"

"तिकडेच."

"धुतलीस कवा?"

"नाही धुतली."

"नेल्यापासनं न्हाय? आन् तशीच घेतीस अंगावर? शिकल्याली हायस न्हवं?"

"अंगावर नाही घेत. लॅबमध्ये आहे. लोखंडावर टाकलीये."

"लोखंडावर!" आईने पिळलेली चादर बादलीच्या काठावर ठेवली. "अवो, ऐकलं का? लोखंडावर टाकलीया म्हनं हिनं. गंज धरंल तिला. कवापासनं हाय तितं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कधीपासून? चौकट बसवली तेव्हापासून. चौकट कधी बसवली? नळीची थरथर दिसल्यावर. थरथर कधी दिसली? साधं नोझल मोजताना.

"अगं, कवापासनं?"

"मार्चपासून," मी म्हणाले. "मधल्या आठवड्यापासून."

अप्पा दोरीला गाठ मारत होते. त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं. "कशाला टाकली लोखंडावर?"

"आवाज उलटू नये म्हणून," मी मोठ्याने सांगितलं.

"मग बारीक खाल्ला आसंल की तिनं," अप्पा म्हणाले आणि दुसऱ्या गाठीला लागले.

साधं नोझल मोजलं तेव्हा चादर नव्हती. दात्यांचं मोजलं तेव्हा होती. बारीक आवाज वाढला होता, जसा सगळ्यांचा वाढतो. त्यातला किती माइकपर्यंत पोचला आणि किती चादरीने खाल्ला हे मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की मी तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा मोराची तिथे होती.

"धर की," आई म्हणाली. "पानी जाईल."

मी चादरीचं टोक धरलं.

पुढचे चार दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. घरात ते जाणवलं नाही, कारण मी एरवीही बोलत नाही. माझ्यासमोर काय होतं ते मला नीट दिसत होतं. परत जायचं, चादर काढून घ्यायची, हॉस्टेलवर न्यायची. वहीत तिची नोंदच नाही. तंत्रज्ञांना आठवली तरी ते विचारणार नाहीत. निबंध वाचला जाईल. पुढे कधी कुणी तेच दाते कापून मोजले आणि जुळलं नाही, तर लोक म्हणतील, प्रत्येक चेंबर वेगळं असतं. असं म्हणतात. मी स्वतः ते म्हटलेलं आहे.

दुसरं असं की सांगायचं. मग परिषद नाही. सरांनी ज्यांना ज्यांना आलेख दाखवला त्यांना ते आता काय सांगणार, हेही होतंच. आणि त्यांचं पेन खाली ठेवलं जाणार.

पाचव्या दिवशी आई डबा विसरून गेली. मी तो द्यायला तिच्या कारखान्यात गेले. फिनिशिंगची खोली शेडपासून वेगळी आहे, तिथे बोललेलं ऐकू येतं, आणि बायका त्याचा पुरेपूर उपयोग करतात.

"आली गं इमानवाली!"

"काय गं, आमच्या कात्रीचा आवाज येतो का मोजायला तुला?"

"तिला कशाला विचारतीस, ती बोलंल तवा माग बंद पडत्याल."

मी हसले. आई एक टॉवेल उजेडासमोर ताणून बघत होती. तिने डबा बघितला, मान हलवली, टॉवेल खाली सरकवला आणि एका जागी थांबली. मला काही दिसलं नाही. तिने गळ्याभोवती टाकलेल्या धाग्यांतून एक लाल धागा काढला, काठावर बांधला, दातांनी तोडला.

शेजारची बाई म्हणाली, "बांद बांद. दुपारी येईल तो आनि सोडून जाईल."

"कोण?" मी विचारलं.

"ज्याच्या मागाचं हाय तो. जेवायला आमी उठलो की येत्यात काय काय जन. गुपचूप गाठ सोडत्यात आन् माल चांगल्यात सरकवत्यात."

"मग?"

"मग काय? गिऱ्हाइकाकडनं परत येतो. आन् मालक आमाला म्हंतो, तुमचे डोळे फुटले होते का?"

आई पुढचा टॉवेल ताणत म्हणाली, "सोडून काय हुतंय? भोक तितंच ऱ्हातंय की."

मला वाटलं मीही एक गाठ बांधून बघावी. मी हात पुढे केला. आईने धागा मागे घेतला.

"नगं. तुजी सुटंल."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. सरांना लिहायचं पत्र इंग्रजीत होतं आणि मला इंग्रजी चांगलं येतं. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं की मोजमापाच्या काळात परावर्तन कमी करण्यासाठी कापडी शोषक आवरणाचा तात्पुरता वापर करण्यात आला होता, आणि उच्च वारंवारतेच्या निष्कर्षांवर त्याचा काही अंशी प्रभाव संभवतो. वाचून बघितलं. चांगलं वाटत होतं. इतकं चांगलं की ते आवरण मी विचारपूर्वक वापरलं आहे असं कुणालाही वाटलं असतं. वापर करण्यात आला होता. कुणी केला, ते वाक्यात कुठेच नव्हतं. शाळेत आम्हाला अशी वाक्यं करायला शिकवलं होतं आणि मला त्यांत नेहमी पूर्ण मार्क मिळाले.

तो मसुदा मी पुसला. दुसऱ्यात बेडशीट लिहिलं, तेही खोडलं. तिसरं पत्र चार ओळींचं झालं. साधं नोझल मोजल्यानंतर आणि दात्यांचं मोजण्याआधी मी चौकटीवर माझ्या घरची सोलापुरी चादर टाकली. वहीत लिहिलं नाही, कारण तिला काय म्हणावं ते मला कळलं नाही. ती अजून तिथेच आहे. बारीक आवाजाचा आमचा निष्कर्ष बहुतेक चूक आहे.

चादर हा शब्द मी तसाच ठेवला. त्याच्यापुढे काही समजावून लिहिलं नाही. मग पत्र पाठवलं आणि लॅपटॉप बंद करून गच्चीवर वाळलेल्या चादरी गोळा करायला गेले.

सरांचा फोन संध्याकाळी आला. गल्लीत माग चालू होते, मी खोलीचं दार लावून घेतलं.

"चादर," सर म्हणाले. ते मराठी नाहीत. त्यांनी तो शब्द जपून उच्चारला.

"हो सर."

"दुहेरी?"

"हो."

फोनमधून मला पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. किंवा मला तसं वाटलं.

"तिथेच आहे म्हणालीस."

"हो. मी येऊन काढते."

"काढू नकोस. कुणी हात लावायचा नाही. आधी ती असताना साधं नोझल मोज. मग ती काढून दोन्ही मोज. म्हणजे तिने किती खाल्लं ते तरी कळेल."

त्यांनी इंग्रजीत खरोखर खाल्लं असाच शब्द वापरला.

"आणि वहीत लिही," ते म्हणाले.

"काय लिहू सर?"

"जे आहे ते. परिषदेला मी कळवतो."

फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिले. वाईट वाटत होतं, पण मला वाटलं होतं त्या जागी नाही. परिषद गेली याचं वाटत होतं. सरांचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यात काही वाढलेलं किंवा कमी झालेलं मला मोजता आलं नाही, आणि त्याचंही थोडं वाटत होतं.

परत गेल्यावर मी सरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. वहीत मागची तारीख घालून नोंद केली नाही. त्या दिवशीच्या तारखेखालीच लिहिलं की चादर मार्चपासून चौकटीवर आहे, नोंद राहून गेली, आणि खाली सही केली. तंत्रज्ञांनी ते वाचलं. म्हणाले, "मला दिसत होती. मला वाटलं सरांनी सांगितलं असेल." मग चौकटीपाशी जाऊन त्यांनी चादरीचा काठ हातात घेतला आणि तो लाल धागा कसला ते विचारलं. मी सांगितलं, इथे चुकलंय असं दाखवायला बांधतात. ते म्हणाले, "बरं आहे की."

मोजमापाला तीन आठवडे लागले. चादर असताना साध्या नोझलचा बारीक आवाजही कमी भरला. चादर काढून दात्यांचं नोझल मोजलं तेव्हा बारीक आवाज वाढला. इतरांपेक्षा थोडा कमी वाढला, पण वाढला. निबंध मागे घेतला गेला. जूनच्या शेवटी परिषद झाली तेव्हा मी चेंबरमध्ये होते. सरांनी नवे आलेख बघितले, एकमेकांवर ठेवले, पुन्हा वेगळे केले.

"पुढे," ते म्हणाले.

पुढे वर्षभराने त्या थोड्या कमी वाढलेल्या आवाजावर माझा एक छोटा निबंध आला. तो कुणी फारसा वाचला असेल असं नाही. चेंबरच्या दारावर मोजणी सुरू करण्याआधी बघायच्या गोष्टींचा एक तक्ता असतो. दार बंद, दिवे बंद, माइक तपासले, असं. तंत्रज्ञांनी त्यात खाली पेनाने एक ओळ वाढवली आहे. इंग्रजी अक्षरांत, चादर, आणि पुढे प्रश्नचिन्ह. नवीन विद्यार्थी विचारतात ही काय भानगड. मी सांगते. मोठ्याने सांगावं लागत नाही, चेंबरच्या दाराशी पुरेसं शांत असतं.

मोराची मी पुढच्या मेमध्ये घरी नेली. आईने ती अंगणात पसरली. चौकटीच्या कडेने दोन सरळ तांबडे पट्टे उमटले होते, एक नेमका मोरांवरून गेला होता.

"म्हनलं न्हवतं? धरला का न्हाय गंज?"

तिने लिंबू चोळलं, मीठ चोळलं, उन्हात टाकली, पुन्हा चोळलं. पट्टे गेले नाहीत. समोरच्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मग काय गं," त्या मला म्हणाल्या, "झाला का इमानाचा आवाज कमी?"

या वेळी मला शब्द लगेच सापडले.

"जाड झाला कमी. बारीक वाढला."

"अगं बाई. मग इतकी वर्सं तितं केलं तरी काय?"

मी काही म्हणणार तेवढ्यात आईने ओली चादर झटकली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मावशींकडे न बघताच म्हणाली,

"काय करनार? आमची चांगली चादर खराब केली."